सात नंबरचा पिवळा

दिवा लागला की झेंडा हलवायचा, असं शैला चौगुलेला ज्या दिवशी सांगण्यात आलं, त्या दिवशी तिचं जे डोकं फिरलं ते पुढं चार महिने काही ताळ्यावर आलं नाही.

आणि का यावं? एकोणीस वर्षं ती आंबेमाळच्या रेसट्रॅकवर मार्शल होती. कोल्हापुरातून अर्ध्या तासावर, उसाच्या शिवारात वळसे घेत गेलेला तीन किलोमीटरचा ट्रॅक. अकरा वळणं, दहा पोस्ट. त्यातली सात नंबरची पोस्ट शैलाची. तिथं उतार संपता संपता एक आंधळं उजवं वळण लागायचं. गाडी वळणात शिरेपर्यंत पलीकडं काय पडलंय हे ड्रायव्हरला दिसायचं नाही. ते सात नंबरवरून सांगायचं. पिवळा हलला की पुढं धोका आहे, वेग कमी कर, कुणाला ओलांडू नको. पिवळ्यावर लाल पट्टे असतील तर रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीय, तिला वाट दे. लाल म्हणजे रेस थांबली. भाषा एवढीशीच, पण ती बोलताना चुकून चालत नाही.

शैला आपले झेंडे घरी नेऊन स्वतः धुवायची, रिठ्याच्या पाण्यात. मळका पिवळा लांबून खाकी दिसतो, असं तिचं म्हणणं. नवीन पोरं हसायची. "हसा," ती म्हणायची, "दोनशेच्या वेगानं याल तेव्हा कळंल."

तिची मुलगी राजनंदिनी, म्हणजे नंदी, रंग शिकली ती याच झेंड्यांवर. बाप बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. मग शैला पोरीला जेवायला बसवायची आणि एकेक झेंडा फडकवत विचारायची, "पिवळा म्हणजे?" चार वर्षांची नंदी भाताचा घास तोंडात ठेवून ओरडायची, "सावकाश!" "निळा?" "मागच्याला वाट दे!" "लाल म्हणजे?" "थांब!" आज ती पोर तेवीस वर्षांची होती, चौदा नंबरची गाडी चालवत होती आणि हंगामाच्या गुणतक्त्यात पहिली होती. शैलाला त्याचा अभिमान होता. तोंडावर कधी म्हणाली नसेल, पण होता.

मग २०३९च्या जानेवारीत 'सजग' आलं.

ते घेऊन आला पुण्याचा एक तिशीतला इंजिनिअर, अन्वय देवस्थळी. त्यानं सगळ्या मार्शलना बसवून नीट समजावून सांगितलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. दोनशेच्या वेगात गाडी एका सेकंदात पंचावन्न मीटर जाते. डोळ्याला रंग दिसणार, मेंदू तो ओळखणार, त्याचा अर्थ लावणार, मग पायाला हुकूम सोडणार. यात पाऊण सेकंद जातो, म्हणजे चाळीस मीटर. तेवढ्यात होत्याचं नव्हतं होतं. 'सजग' हा सगळा लांबचा रस्ता टाळायचं. ट्रॅकभोवती साठ कॅमेरे आणि रडार. त्यांनी धोका टिपला की हेल्मेटमधल्या, कानामागं टेकलेल्या दोन चकत्या तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला अगदी हलका विजेचा झटका द्यायच्या. जिना उतरताना शेवटची पायरी चुकल्यावर पोटात खड्डा पडतो ना, तसा ड्रायव्हरला पडायचा आणि पाय आपोआप उचलला जायचा. हा झाला पिवळा. लाल म्हणजे तोच खड्डा, पण इतका खोल की दोन्ही पाय ब्रेक शोधायचे. पाऊण सेकंदाचं काम आता पाव सेकंदाच्या आत.

"मग आम्ही काय करायचं?" आठ नंबरच्या रफिक मणेरनं विचारलं. पंचवीस वर्षांपासूनचा जुना मार्शल, सगळे त्याला मणेरभाई म्हणायचे.

"नियमात मार्शल आहेत, तेव्हा तुम्ही राहणार," देवस्थळी गोड हसला. "पोस्टवर दिवा बसवलाय. सिस्टिमनं ड्रायव्हरला सिग्नल दिला की तुमचा दिवा लागेल. मग झेंडा हलवायचा. प्रेक्षकांना बरं वाटतं."

प्रेक्षकांना बरं वाटतं! शैलानं हातातला पाण्याचा ग्लास असा आपटला की टेबलावर पाणी सांडलं. "लग्नात वाजंत्री उभे करतात, तसं उभं केलंय आपल्याला," परत जाताना ती मणेरभाईंना म्हणाली. "त्यांना निदान जेवण तरी असतंय," मणेरभाई म्हणाले.

चार महिन्यांत ट्रॅकवर एकही अपघात झाला नाही. हेही खरं होतं, आणि म्हणून शैलाला तोंड उघडायची सोय नव्हती.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मायलेकी बाजारातून घरी चालल्या होत्या. गाडी नंदी चालवत होती. हायवेच्या चौकात लाल दिवा होता. शैला मोबाइलमध्ये बघत होती, म्हणून तिला कळलं तेव्हा गाडी चौकाच्या मधोमध होती आणि डावीकडून टेम्पो अंगावर येत होता. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, खाली उतरून आईबापाचा उद्धार केला.

"अगं ए! डोळे हाईत का बटणं?" शैला किंचाळली. "लाल दिवा दिसला न्हाई?"

"कुठला दिवा?" नंदी म्हणाली.

शैलाला वाटलं, पोरगी साळसूदपणे खोटं बोलतीय. तिनं गाडी वळवायला लावली, परत त्याच चौकात आणली, कडेला उभी केली. "बघ." नंदीनं बघितलं. डोळे बारीक केले. दिवा समोर, खांबावर, डोळ्यात बोट घालावं असा लखलखत होता. तिची नजर त्याच्यावरून गेली, परत आली, परत गेली. शेवटी कुठं ती म्हणाली, "हां, हाय की. नवीन बसवलाय काय?"

तो सिग्नल बारा वर्षं तिथं होता.

त्या दुपारी नंदी जेवायला बसली तेव्हा शैलानं कपाटातून पिवळा झेंडा काढला, टेबलापलीकडं उभी राहिली आणि पोस्टवर हलवतात तसा मोठा हलवला. पंखा बंद होता. झेंड्याच्या वाऱ्यानं नंदीच्या कपाळावरचे केस उडाले. नंदी भाकरी मोडत राहिली.

"आई, ठेचा दे की," ती म्हणाली. मग वर बघून, "हात का हलवालीस? खांदा दुखतोय काय?"

तिला हात दिसत होता. हातातला झेंडा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शैला रेस कंट्रोलच्या खोलीत जाऊन थडकली. देवस्थळी होता आणि ट्रॅकचे प्रमुख इनामदारसाहेबही होते. तिनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, दोघं हादरतील. देवस्थळी नुसता खुर्चीत थोडा मागं सरकला, आणि त्या सरकण्यावरून तिच्या ध्यानात आलं की हे याला माहीत होतं.

"काकू, यात घाबरण्यासारखं नाहीये," तो म्हणाला. "मेंदू फार काटकसरी असतो. बोटातली अंगठी तुम्हाला दिवसभर जाणवते का? नाही. त्यात नवीन काही नाही, म्हणून मेंदू ती बातमी आत सोडतच नाही. मेंदूच्या मध्यभागी एक भाग असतो, थॅलॅमस. तो दारवानाचं काम करतो. कुठली बातमी वर पाठवायची, कुठली दारातच अडवायची, हे तो सवयीनं ठरवतो. आता चार महिने काय झालं? प्रत्येक वेळी झेंडा दिसायच्या आधीच शरीरानं काम उरकलेलं होतं. दारवान शिकला की ही रंगीत, हलणारी, लुकलुकणारी वस्तू शिळी बातमी आणते. अडवा तिला. डोळे ठणठणीत आहेत. फक्त बातमी वर पोचत नाही."

"आणि रस्त्यावरचा सिग्नल?"

"दारवानाला रेसट्रॅक आणि हायवे यातला फरक कळत नाही," तो म्हणाला. "आमच्या अहवालात आहे हे. पान एकेचाळीस. 'सजग' बंद केलं आणि सराव केला तर सहा महिन्यांत सगळं पूर्ववत होतं. बहुतेकांचं."

"बहुतेकांचं?" शैलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अहो, माझी पोरगी टेम्पोखाली जाता जाता वाचली! पान एकेचाळीस काय सांगताय मला? तिला सांगितलंत? एकाला तरी सांगितलंत?"

"त्यांनी सही केलीय, काकू."

"साहेब, तुम्ही तरी बोला!" ती इनामदारांकडं वळली. इनामदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "शैलाताई, पंधरा मेला हंगामाची शेवटची रेस आहे. ती एकदा होऊ द्या. मग बसून बोलू. सिस्टिमला देशभर मान्यता मिळायची तर शंभर रेस माणसाचा हात न लागता पार पडाव्या लागतात. ही अठ्ठ्याण्णवावी आहे."

"म्हणजे शंभर होईपर्यंत कुणी मेलं तरी चालतंय?"

"मरत नाही ना कुणी," देवस्थळी म्हणाला. "तोच तर मुद्दा आहे."

तिथं डोकं फोडून उपयोग नव्हता. शैला घरी आली आणि नंदीला म्हणाली, "त्या चकत्या काढ. शेवटची रेस सोड. ऐक माझं."

"सोडू? पहिल्या नंबरावर असताना?" नंदी उसळली. "चेन्नईच्या टीमचे लोक बघायला येणारेत आई, मला! आणि झालंय काय एवढं? ज्याची गरज न्हाई ते दिसत न्हाई, इतकंच. रस्त्यावर गाडी नाही चालवत मी, झालं? रिक्षानं जाईन."

"गरज न्हाई? सिग्नलची गरज न्हाई?"

"तुला राग कशाचा आलाय सांगू? तुझा झेंडा आता कुणी बघत न्हाई, त्याचा आलाय."

शैलानं कानफटात द्यायला उचललेला हात तसाच खाली घेतला, कारण त्यात थोडं खरंही होतं. एकोणीस वर्षं जिच्या हाताकडं बघून लोक ब्रेक दाबत होते, तिला लोक बघेनासे झाले होते, आणि ते तिला झोंबत होतं. पण म्हणून बाकीचं खोटं ठरत नव्हतं. त्यानंतर दहा दिवस मायलेकी कामापुरतंच बोलल्या.

पंधरा मे. सकाळी अकराला ऊन असं तापलं होतं की पोस्टच्या लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नव्हती. शैला धुतलेले झेंडे घेऊन सातवर उभी होती. मणेरभाईंना आज सहावर टाकलं होतं, तिच्या अलीकडं, उताराच्या माथ्यावर. अकरा गाड्या सुटल्या. विजेवरच्या गाड्या, आवाज नुसता भुंग्यासारखा. नंदी सुरुवातीपासून पुढं होती.

नवव्या फेरीला शैलाच्या नाकात वास शिरला. गोडसर, उकळत्या काकवीचा असतो तसा.

शेजारी ऊस असलेल्या माणसाला या वासाचं काही वाटत नाही. शैलानंही आधी मान वळवून गुऱ्हाळाकडं बघितलं. गुऱ्हाळाच्या चिमणीतून धूर नव्हता. कसा असेल? गुऱ्हाळं मार्चच्या अखेरीलाच बंद झाली होती. शिवारात आता तोडणीनंतर फुटलेला नुसता खोडवा उभा होता. मग मे महिन्याच्या उन्हात गूळ शिजवतंय कोण?

गाडीच्या बॅटरीला गार ठेवणारं पाणी असतं, कूलंट म्हणतात त्याला, त्यात एक गोडसर वासाचं रसायन घालतात. तेलासारखं बुळबुळीत आणि पाण्यासारखं पारदर्शक. कुणाची तरी नळी गळत होती, आणि वळणावर गाडीचा भार एका अंगाला गेला की नेमकं तिथंच सांडत होतं. शैलानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. काळ्या डांबरावर काहीच दिसत नव्हतं. उन्हाची तिरीप नुसती एका पट्ट्यात जरा जास्त चमकत होती.

दिवा लागलेला नव्हता. दिव्याच्या नानाची टांग! तिनं पिवळा-लाल पट्ट्यांचा झेंडा काढला आणि फडकवला. माथ्यावरून मणेरभाईंनी तो पाहिला. पुढच्या पोस्टवर झेंडा हलला की आपणही तोच धरायचा, ही मार्शलांची जुनी रीत. त्यांनीही आपला पट्ट्यांचा झेंडा बाहेर धरला. दोन पोस्ट, दोन झेंडे. अकरा गाड्या त्यांच्यासमोरून तशाच्या तशा गेल्या. एकाचाही वेग तसूभर कमी झाला नाही.

शैलानं वॉकीटॉकी तोंडाला लावली. "कंट्रोल, सात नंबर! वळणावर कूलंट सांडलंय. रेस थांबवा!"

"काकू, इथं काही दिसत नाहीये," देवस्थळीचा आवाज. "कॅमेरे ट्रॅक कोरडा दाखवतायत."

"कॅमेऱ्याला नाक हाय का? वास येतोय मला!"

"कसला वास?"

"गोडसर, काकवीसारखा!"

वॉकीटॉकीवर कुणीतरी हसलं. "काकू, चहूबाजूंना गुऱ्हाळं आहेत. गुळाचा वास येणारच."

"अरे मे महिन्यात कुठलं गुऱ्हाळ, मुडद्या!" शैलाचा तोल गेला. "दीड महिना झाला बंद पडून! इनामदारसाहेब, तुम्ही इथलेच ना? सांगा त्याला! लाल बटण दाबा!"

इनामदारांचा आवाज आला तो खोकल्यानंतर. "शैलाताई, एक फेरी थांबू. फुटेज तपासतो."

एक फेरी! त्या फेरीला पाच नंबरच्या गाडीचं मागचं अंग वळणात सरकलं, कठड्यापासून हातभर अंतरावर जाऊन कसंबसं सावरलं. कॅमेऱ्याच्या हिशेबी गाडी सावरली म्हणजे धोका नव्हता. दिवा विझलेलाच. त्या गाडीमागं नंदी नव्हती, ती पुढं निघून गेली होती. पण दर फेरीला पट्टा रुंद होत होता. आता नंदी येणार, तीसुद्धा मागं दोघं बिलगलेले असताना, फेरीचा वेळ एक मिनिट दहा सेकंद.

शैलानं झेंडा हलवला, खांदा निखळेल इतका हलवला, आणि हलवताना तिला स्वच्छ कळलं की ती भिंतीपुढं नाचतेय. या कापडाला आता कुणी गिऱ्हाईक नाही. मशीनला झेंडा कळत नाही, ड्रायव्हरला झेंडा दिसत नाही. मशीनला कळतं काय? ट्रॅकवर पडलेली वस्तू. गाडी. माणूस.

मार्शलनं ट्रॅकवर पाय टाकायचा नाही, काहीही झालं तरी टाकायचा नाही. हा पहिला नियम. शैलानं तो शंभरेक पोरांना घोकून घेतला होता, एकदोघांना त्यापायी घरी पाठवलं होतं.

"दिसत न्हाई व्हय झेंडा?" ती मोठ्यानं म्हणाली. "बघू, मी तरी दिसते का."

ती कठड्याच्या कडेनं माथ्याकडं पळत सुटली. वळणावर उभं राहून काय उपयोग, तिथं गाड्या घसरणारच. थांबवायच्या तर आधी, सरळ भागात. बावन्न वर्षांचे गुडघे, चढ, ऊन. मणेरभाई वरून ओरडत होते, "शैलाताई! वेड लागलंय काय!" दीडशे पावलांवर कठड्याला फट होती. तिथून ती आत शिरली, ट्रॅकच्या मधोमध गेली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. एका हातात तो झेंडा होता. तो सोडायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

साठ कॅमेऱ्यांतल्या चौघांनी तिला टिपलं. एका सेकंदाच्या दहाव्या भागात अकरा हेल्मेटांतल्या बावीस चकत्यांनी लाल झटका दिला. माथ्यावरून चौदा नंबर खाली आली, तिच्या चाकांनी किंकाळी फोडली, रबराचा धूर उठला. शैलानं डोळे मिटले नाहीत. मिटायचे नाहीत असं तिनं ठरवलंच होतं. गाडी थांबली तेव्हा मध्ये पंचवीस पावलं उरली होती. मागच्या दोन गाड्या डावी-उजवीकडं तिरक्या होऊन थांबल्या. सात नंबरवरचा दिवा लागला, आता, सावकाशीनं.

नंदी हेल्मेट ओढून काढत खाली उतरली. चेहरा लालबुंद. "आई! मेली असतीस! माझी रेस घालवलीस तू! सगळ्यांसमोर, त्या चेन्नईवाल्यांसमोर!"

"वळणावर जा. चालत जा," शैला म्हणाली. "वास घे, आणि पाय टेकून बघ."

नंदी पाय आपटत गेली. मागून बाकीचे ड्रायव्हर आले, देवस्थळी आणि इनामदार जीपमधून आले. वळणावर नंदीनं बूट टेकला आणि ती आडवीच झाली. उठली तेव्हा तिच्या कोपराला, गुडघ्याला तो गोडसर चिकटा लागला होता. ती तिथंच वाकून बराच वेळ डांबराकडं बघत राहिली. याच जागी ती एकशे ऐंशीनं आली असती. तिला हिशेब करता येत होता.

परत आली ती आवाज उतरवून. "आई," ती म्हणाली, "अगं एवढं माहीत होतं तर आधी झेंडा का न्हाई दाखवलास?"

शैला झेंडा हातात घेऊनच उभी होती. तिनं तो वर केला आणि अकराच्या अकरा ड्रायव्हरांसमोर, चार हातांवर, हलवला. पलीकडच्या स्टँडमधले प्रेक्षक उठून उभे राहिले. तिथून सगळ्यांना दिसत होता.

"माझ्या हातात काय हाय?" तिनं विचारलं. "सांगा कुणीतरी."

ड्रायव्हर एकमेकांकडं बघायला लागले. पाच नंबरचा पोरगा चाचरत म्हणाला, "काठी हाय का, काकी?" नंदी आईच्या चेहऱ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत.

"पान एकेचाळीस," शैला देवस्थळीला म्हणाली. "मोठ्यानं वाच आता. यांना ऐकू तरी येतंय अजून."

देवस्थळीचा चेहरा पडला होता. पण त्याच्यातला इंजिनिअर गप्प बसेना. "काकू, तुम्ही केलंत ते... पण टेक्निकली बघितलं तर सिस्टिमनंच थांबवल्या ना गाड्या? रेकॉर्डमध्ये माणसाचा हात लागलेला नाही."

"हात न्हाई लागला?" शैलाचा आवाज इतका चढला की प्रेक्षकांपर्यंत गेला. "अख्खं माणूस लागलं की रे! अख्खं माणूस मध्ये उभं करावं लागलं तुझ्या मशीनला!"

इनामदारांनी खाली बघत हात पुढं केला. "शैलाताई, मार्शलचं कार्ड. ट्रॅकवर उतरलात तुम्ही. नियम आहे."

"नियम मला शिकवू नका, मीच शिकवलाय सगळ्यांना." तिनं गळ्यातलं कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. झेंडा मात्र घडी करून काखेत मारला. मणेरभाईंनी आपलं कार्ड तिच्या कार्डावर ठेवलं आणि ते पाणी प्यायला निघून गेले.

रिक्षाचं नुसतं बोलणंच राहिलं होतं; पार्किंगमध्ये नंदीनं गाडीची चावी काढली, क्षणभर हातात धरली आणि आईपुढं केली. तिनं चकत्यांचं हेल्मेट ट्रॅकवरच ठेवलं होतं. शैलाचा राग उतरलेला नव्हता. पोरीवरचाही नव्हता. गाडी चालवताना ती दातओठ खात होती आणि वाटेत सापडेल त्याला शिव्या घालत होती, एका म्हशीलासुद्धा.

हायवेच्या चौकात तिनं गाडी थांबवली. पाच सेकंद झाले, दहा झाले.

"आई," नंदी म्हणाली, "थांबलीस का?"

शैलानं तिची हनुवटी धरली आणि मान वर केली. "तिकडं बघ. खांबावर. काय हाय?"

"खांब हाय."

"खांबावर काय हाय?"

नंदी बघत राहिली. दिवा हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. शैला हलली नाही. दिवा परत लाल झाला. मागं रांग लागली, कुणीतरी काच खाली करून ओरडलं. परत हिरवा, परत हॉर्न. ट्रॅफिकचा हवालदार पळत आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "ओ बाई, हिरवा हाय की! निघा!"

"मला दिसतोय," शैला म्हणाली. "हिला दिसू दे."

"काय?"

"हिला दिसू दे म्हटलं! तोवर ही गाडी हलायची न्हाई. पावती फाडा, न्हाईतर उचलून न्या."

हवालदारानं आधी आईकडं बघितलं, मग पोरीकडं. नंदीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिनं पापणी हलवली नव्हती. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड घट्ट धरून ती त्या खांबाकडं बघत होती. हवालदाराला काय वाटलं कोण जाणे, तो मागं गेला आणि हॉर्न वाजवणाऱ्यांवर खेकसला. दिवा तिसऱ्यांदा लाल झाला.

"आई," नंदी दबक्या आवाजात म्हणाली, हलली तर निसटेल अशा धास्तीनं. "कायतरी हाय. वरती. लाल... लाल हाय."

"लाल म्हणजे?" शैला ओरडली.

"थांब!" नंदीही ओरडली आणि ढसाढसा रडायला लागली.

शैलानं पदरानं तिचं नाक पुसलं, चांगलं खसखसून, आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघत थांबली.